माळ्यावरची पेटी आणि वाड्याचे गुपित

रावपुरेकर : दोन काळांत चालणाऱ्या कादंबऱ्यांविषयी काल इथे कोणीतरी लिहिले, की त्यांत वाडा हे केवळ निमित्त असते आणि खरी गोडी माळ्यावरच्या पेटीत नातीला सापडणाऱ्या प्रेमपत्रांत असते. ते वाचून मला राहवले नाही. बडोद्याला दांडिया बाजारातल्या वाड्यात मी तीस वर्षे काढली. तिथले गुपित पेटीत नव्हते, ते रोज आमच्या पंगतीत वाढत होते. जिला आम्ही मोठी आई म्हणत असू, ती आजोबांची पहिली पत्नी होती. मूल होईना म्हणून आजोबांनी दुसरे लग्न केले. वडिलांच्या मुंजीतल्या फोटोत मातृभोजनाच्या पाटावर आजी बसली आहे आणि मागे तुपाचे भांडे घेऊन मोठी आई उभी आहे. हे सर्वांना ठाऊक होते, फक्त कोणी बोलत नसे. मग शेवटच्या प्रकरणात उघड करायला उरते काय?

दप्तरी : माझी तक्रार निराळी आहे. नात येते आणि १९२० सालची पत्रे घडाघडा वाचते! आधी आखलेली शिरोरेघ, शब्दांमध्ये न सोडलेली जागा, ऱ्हस्व-दीर्घाचा अभाव, अशी मोडीची एक ओळ लावताना मला सुरुवातीला संध्याकाळ पुरत नसे. लेखकांनी एवढे तरी कष्ट घ्यावेत.

वाड्याची नात : सगळी जुनी पत्रे मोडीतच असत, हे आपण कशावरून धरून चालता? सयाजीरावांनी १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, मुलींनाही. माझी पणजी त्याच शाळेत शिकली आणि तिची पत्रे स्वच्छ बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत आहेत.

दप्तरी : एका पणजीवरून नियम ठरत नाही. दप्तरे चाळण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. बाळबोध लिहिणाऱ्या बायका होत्या हे मान्य, पण कादंबरीत तर कारकुनाची पत्रेही नात सहज वाचते.

वाड्याची नात : लिपी राहू द्या. रावपुरेकर, सर्वांना ठाऊक असते, हे म्हणणे मला पटत नाही. आजोबा १९७८ साली गेल्यावर माझ्या तिन्ही आत्यांना घरपट्टीचा कागद म्हणून सह्या करायला सांगितले. ते हक्कसोडपत्र होते. वडिलांच्या हिश्श्यात मुलींना वाटा १९५६ च्या कायद्यानेच मिळाला होता, पण घरात तो कोणी त्यांना सांगितला नाही. २००५ साली कायदा बदलला, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, तेव्हा धाकट्या आत्याने मला तो कागद वाचायला सांगितला. सत्तावीस वर्षे तिने तो पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये जपला होता. दोन काळ शेजारी ठेवल्याशिवाय ही गोष्ट सांगता कशी येईल, ते आपणच सांगा.

रावपुरेकर : आपल्या आत्यांपुरती मी माघार घेतो. प्रेमपत्रांपुरती नाही. धाकट्या आत्यांनी पुढे काय केले?

वाड्याची नात : मी कागद मोठ्याने वाचला, तिने तो परत घेतला आणि घडी घालून पासबुकात ठेवला. माझे वडील तेव्हा शेजारच्या खोलीतच होते.