सीबीडीचं तेल की हेम्पची फुलं? माझं मत फुलांना

लिमातकाठ:
झुरिकमध्ये राहतो. हेम्प म्हणजे गांजाच्याच जातीचं, पण कमी नशेचं झाड; त्यातला टीएचसी हा घटक नशा आणतो, सीबीडी आणत नाही. इथे टीएचसी १ टक्क्याच्या आत असेल तर हेम्पची फुलं दुकानात उघड मिळतात, तंबाखूला पर्याय म्हणून. २०१७ मध्ये तर साध्या सुपरमार्केटात हेम्पच्या सिगारेटी आल्या होत्या. शेजारच्याच फळीवर तेलाच्या बाटल्या. आपल्या मराठी मंडळींत विषय निघाला की सगळे तेलाच्या बाजूने, तेल म्हणजे औषधासारखं आणि फुलं म्हणजे गांजेकसांचं काम. मला हे अजिबात पटत नाही.

फूल हातात घेतलं की निम्मं तरी कळतं. साधं भिंग लावा, राळेचे दुधी ठिपके दिसतात, दाबलं की बोटाला चिकटतं, नुसता भुगा झाला तर माल जुना, कुबट वास आला तर बुरशी, परत ठेवा. सोलं आणि आगळ दोन्ही कोकमाचंच, पण सोल बघून जुनं की नवं ते सांगता येतं, आगळात काय ओतलंय ते बाटली भरणाऱ्यालाच माहीत. अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली होती, २०१७ मध्ये निकाल छापून आला, लेबलवरचा आकडा जेमतेम ३१ टक्के मालात खरा निघाला आणि १८ नमुन्यांत टीएचसी सापडलं. आणि इथल्या कायद्याने सीबीडीचं तेल सुगंधी तेल म्हणून विकायचं तर २०२१ पासून त्यात मुद्दाम असं काहीतरी मिसळावं लागतं की कोणी ते तोंडात घेऊ नये. तरी लोक जिभेखाली थेंब टाकतायत!

रसायनवाली:
दादा, बुरशी वासाने कळेल, पण शिसं आणि कॅडमियम कळेल का? हेम्प जमिनीतले जड धातू ओढून घेतं, चेर्नोबिलजवळची माती साफ करायला लावून बघितलं होतं ते याच गुणामुळे. भिंगातून हे दिसत नाही, त्याला लॅबच लागते.

आणि डोसाचं काय? १५ टक्क्यांचं फूल म्हणजे एका ग्रॅमला १५० मिग्रॅ धरा, पण ते बहुतेक आम्ल रूपात असतं, उष्णता दिल्यावर सीबीडी होतं, त्यातलं किती जळालं, किती धुरात गेलं, किती छातीत पोचलं, कोण मोजणार. शेंड्याचं फूल आणि खालच्या फांदीचं फूल सुद्धा सारखं नसतं. १० टक्क्यांच्या १० मिलि बाटलीत साधारण १००० मिग्रॅ, म्हणजे थेंबाला ४-५ मिग्रॅ. आज चार थेंब, उद्या पाच, वहीत लिहून ठेवता येतं. धुराचं तर बोलायलाच नको, डांबर कशाचंही असो, फुफ्फुसाला डांबरच.

लिमातकाठ:
जाळायचं कोण म्हणतंय, व्हेपोरायझरमध्ये १८०-२०० अंशांवर तापवायचं, धूर होत नाही आणि काही मिनिटांत फरक कळतो. तुमचे मोजलेले थेंब पोटात गेले की बराचसा भाग लिव्हरमध्येच संपतो, वर तुपातेलाचं भरपेट जेवण झालं असेल तर तेच सीबीडी चौपट अंगी लागू शकतं. म्हणजे वहीत पाच थेंब लिहिले तरी रक्तात किती गेलं ते तुम्हालाही माहीत नाही.

रसायनवाली:
मग रोज एकाच वेळी, एकसारख्याच जेवणाबरोबर घ्यायचं, प्रश्न मिटला. फुलांना असा कुठलाच उपाय नाही. आणि ८४ उत्पादनांच्या त्या तपासणीवरून मी तरी एवढंच शिकले की बॅच नंबर आणि बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट नसेल तर बाटलीला हात लावायचा नाही. रिपोर्टमध्ये टीएचसी, धातू, कीटकनाशकं आणि अर्क काढताना वापरलेल्या सॉल्व्हंटचा अंश, चारही हवेत, कारण अर्क काढताना फुलातलं विषही सीबीडीबरोबर घट्ट होऊ शकतं. फुलांनाही हाच नियम लावा ना.

घाटरस्ता:
दोघंही मुख्य गोष्ट विसरताय. स्वित्झर्लंडमध्ये गाडी चालवताना रक्तात टीएचसीची मर्यादा लिटरला १.५ मायक्रोग्रॅम. १ टक्क्याच्या आतलं, अगदी कायदेशीर फूल ओढूनही ती ओलांडता येते, म्हणून सरकारच सांगतं की हे घेऊन गाडी चालवू नका. पोलीस रक्त बघतो, पाकिटावरचा आकडा नाही. टीएचसी काढून टाकलेला शुद्ध अर्क असेल तर ही भीती जवळपास संपते. ज्याला रोज गाडीने कामावर जायचंय त्याने फुलांचा नाद करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लिमातकाठ:
मी ट्रामने जातो, पण मुद्दा बरोबर आहे, गाडीवाल्यांनी फुलं नकोच.

गोदाकाठ:
नाशिकहून विचारतो. वडिलांचे गुडघे फार दुखतात, मामेभाऊ झुरिकहून दिवाळीला येतोय, फुलं आणायला सांगू की तेल?

घाटरस्ता:
दोन्ही नाही, हात जोडून सांगतो. आपल्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, टीएचसी किती याला तिथे काही सूटच नाही. झुरिकची पावती दाखवून मुंबई विमानतळावर कोणी ऐकणार नाही. तेलही बहुतेक फुलांपासूनच काढतात, ते सेफ समजू नका. शेंडे सोडून नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भारतात पानांचा अर्क विजया नावाने आयुर्वेदिक डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतो. आणि हेम्पच्या बियांचं तेल, जे २०२१ मध्ये खाद्य म्हणून मान्य झालं, त्यात सीबीडी जवळपास नसतंच, ते दुखण्यावर म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

गोदाकाठ:
बरं झालं विचारलं. विजयाची चौकशी करतो मग. वडिलांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, वॉर्फरिन, चालेल ना?

रसायनवाली:
थांबा, आधी ही गोळी देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. सीबीडीने वॉर्फरिनचा असर वाढून रक्तस्राव होऊ शकतो, मग ते पानाचं असो, फुलाचं असो की बाटलीतलं. २०१८ मध्ये अमेरिकेत मिरगीच्या दोन गंभीर प्रकारांसाठी शुद्ध सीबीडीचं औषध मंजूर झालं, त्यातसुद्धा लिव्हरच्या तपासण्या करत राहावं लागतं. डॉक्टर हो म्हणाले तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी, केव्हा केव्हा करायची ते त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि तोवर एक थेंबही देऊ नका.