खजिनदार काकांचा कॉम्प्युटर अडकलाय

ए-२०३ (खजिनदार), सकाळी ७.४२
काल रात्री विंडोज १० वरून ११ वर अपग्रेड केलं. नीट झालं म्हणून बंद करून झोपलो. आज चालू केला तर नुसता लोगो, पुढे काही नाही. कुणाला यातलं कळतं का?

बी-१०४
बंद करून परत चालू करा.

ए-२०३
पाचदा केलं.

सी-४०२
फॉरमॅट मारा, अर्ध्या तासात मोकळे व्हाल.

ए-६०१
काका, फॉरमॅट अजिबात नको 🙏 आधी सांगा, लोगोखाली ठिपके गोल फिरताहेत की तेही नाहीत?

ए-२०३
ठिपके नाहीत. लोगो फक्त.

ए-६०१
म्हणजे बहुतेक विंडोजपर्यंत गाडी पोचलीच नाहीये. मागे काय काय लावलंय?

ए-२०३
प्रिंटर, वेबकॅम, बाहेरची हार्ड डिस्क.

ए-६०१
कीबोर्ड, माऊस आणि स्क्रीन सोडून सगळं काढा. सीपीयूच्या मागच्या बाजूलाही हात फिरवून बघा.

बी-५०२ (सचिव)
कृपया लक्ष द्यावे. हा ग्रुप फक्त सोसायटीच्या सूचनांसाठी आहे. इतर विषय वैयक्तिक मेसेजवर.

ए-२०३
साहेब, वर्षभराचा मेंटेनन्सचा हिशेब याच कॉम्प्युटरमध्ये आहे. सभा शनिवारी.

बी-५०२ (सचिव)
चालू द्या.

ए-२०३, ८.१०
मागे एक पेन ड्राइव्ह निघाला, माझा नाही. सगळं काढल्यावर ठिपके आले! पण आता तेच फिरताहेत. १५ मिनिटं झाली.

सी-४०२
म्हटलं ना, फॉरमॅट.

ए-६०१
नाही हो दादा, अडकण्याची जागा पुढे सरकलीय. मगाशी तो बहुतेक पेन ड्राइव्हवरून चालू व्हायला बघत होता. आता विंडोज चालू होतंय आणि कशाला तरी अडतंय. काका, कॅप्स लॉक दाबल्यावर कीबोर्डचा दिवा लागतो-विझतो का? आणि डिस्कचा दिवा?

ए-२०३
कॅप्स लॉकचा नाही. डिस्कचाही गप्प.

ए-६०१
डिस्कचा दिवा लुकलुकत असता तर तासभर थांबा म्हटलं असतं, अपग्रेडनंतर पहिल्यांदा वेळ लागतो. दोन्ही दिवे गप्प म्हणजे मशीन गोठलंय. आता असं करा. ठिपके दिसले की पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, बंद होईल. दोन-तीनदा केलं की विंडोज आपणहून दुरुस्तीच्या निळ्या स्क्रीनवर जाईल. एरवी असं बंद करायचं नसतं, आज नाइलाज आहे. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. मग ४ दाबा, सेफ मोड, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतंच चालू होईल.

ए-२०३, ८.३६
४८ आकडी की मागतोय. बिटलॉकर म्हणे. मी असलं काही लावलेलंच नाही!!

ए-६०१
घाबरू नका. बऱ्याच मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं की डिस्कला आपोआप कुलूप लागतं, आणि की त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. फोनवरून अकाउंट उघडा. स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जिथे जुळतील ती की घ्या.

ए-२०३
माझ्या अकाउंटमध्ये काही नाही.

बी-१०४
मशीन सुरुवातीला कुणी चालू करून दिलं होतं?

ए-२०३
मुलाने. फोन लावतो.

बी-१०४
मग त्याच्याच अकाउंटला असणार. आमच्याकडेही हेच झालं होतं.

ए-२०३, ९.०५
मिळाली. तीनदा चुकलो, पण सेफ मोड उघडला. चारही कोपऱ्यांत सेफ मोड लिहिलंय, चित्र मोठं मोठं दिसतंय.

ए-६०१
छान! म्हणजे विंडोज धड आहे, बाहेरून टाकलेलं काहीतरी आडवं येतंय. पण आधी हिशेबाचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. बाकी सगळं नंतर.

ए-२०३
केलं. आता?

ए-६०१
जुना अँटीव्हायरस आहे का?

ए-२०३
आहे. मुदत संपून दोन वर्षं झाली. काढायला गेलो तर सेफ मोडमध्ये निघत नाही म्हणतो.

ए-६०१
होतं तसं, इन्स्टॉलरची सर्व्हिस तिथे बंद असते. त्या कंपनीच्या साइटवर पूर्ण काढून टाकायचं वेगळं टूल असतं. मी माझ्या लॅपटॉपवर उतरवून खाली येते.

ए-२०३, ९.५०
चालू झाला!! ६०१ ताईंचे मनापासून आभार. आता डिस्क भरलीय म्हणतोय, विंडोज डॉट ओल्ड फोल्डर उडवू का?

ए-६०१
नको नको! त्याच्याच जिवावर दहा दिवसांच्या आत विंडोज १० वर परत जाता येतं. सभा होऊ द्या. आणि प्रिंटर, वेबकॅम एकेक करून लावा. प्रत्येक वेळी रीस्टार्ट करून बघा, म्हणजे अडलं तर कशाने ते कळेल.

सी-४०२
फॉरमॅट केला असता तर जागाही झाली असती 😄

ए-२०३
बरं, तो पेन ड्राइव्ह कुणाचा? निळा, टोपण नाही, दोरी बांधलेली.

बी-५०२ (सचिव)
माझा. मागच्या सभेपासून शोधतोय.