मदत हवी आहे: जुन्या संगणकातले काय ठेवावे आणि गेमिंगसाठी नवे काय घ्यावे?

नमस्कार.

लेकीसाठी घरी गेमिंगचा संगणक असेंबल करायचा आहे. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेम खेळते आणि जोडीने ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रे बनवण्याचे सॉफ्टवेअरही शिकते आहे, त्यामुळे ग्राफिक्स कार्डावर हात आखडता घ्यायचा नाही, एवढे आम्ही ठरवले आहे. मॉनिटर सोडून सगळे मिळून एक लाख रुपयांपर्यंत खर्च करता येईल. घरात एक चालू स्थितीतला जुना संगणक आहे. त्यातले नव्यात काय बसेल आणि बसत असले तरी काय वापरू नये, हे जाणकारांकडून तपासून घेण्यासाठी हा धागा काढते आहे.

जुन्या संगणकात इंटेल कोअर आय५-८४०० प्रोसेसर, एच३१० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड, २४०० वेगाच्या डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या, एक साटा एसएसडी, एक हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबतच आलेला एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आहे. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झचा असून त्याला एचडीएमआय आहे. तो तूर्त बदलणार नाही.

माझा सगळ्यात मोठा घोळ रॅमपाशी आहे. २०२५च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव जे चढत गेले, त्यामुळे घरातल्या १६ जीबी टाकून देऊन पुन्हा तेवढ्याच विकत घेणे जिवावर येते. डीडीआर४ची पट्टी डीडीआर५च्या खाचेत बसतच नाही, तेव्हा ती ठेवायची तर बोर्डही डीडीआर४चाच हवा. त्यासाठी मला दोन वाटा दिसतात. एक म्हणजे एएमडीच्या एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसण्याची जागा) बी५५० बोर्ड आणि राइझन ५ ५६००, आणि दुसरी म्हणजे बी७६० बोर्डाचा डीडीआर४ प्रकार आणि कोअर आय५-१२४००एफ. (बी७६०चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात आणि त्यांची नावे इतकी सारखी असतात की घेताना खोक्यावर हे वाचून पाहायलाच हवे.) मात्र या दोन्ही वाटा पुढे बंद होतात, कारण एएम४ आणि एलजीए १७०० या दोन्ही सॉकेटांच्या पुढच्या पिढ्या आता वेगळ्या सॉकेटवर गेल्या आहेत. तिसरी वाट एएम५ची, म्हणजे बी६५० बोर्ड आणि राइझन ५ ७६००. त्यात पाचसहा वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून भागण्याची शक्यता राहते, पण हे सॉकेट केवळ डीडीआर५ घेते, म्हणजे रॅमचा खर्च टळत नाही.

ग्राफिक्स कार्ड म्हणून एनव्हिडियाचे १६ जीबीचे आरटीएक्स ५०६० टीआय मनात आहे. निव्वळ गेमसाठी एएमडीचे १६ जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटी कदाचित पैशाला अधिक मोल देईल, पण ब्लेंडरच्या रेंडरिंगमध्ये (अंतिम चित्र तयार करण्यात) एनव्हिडियाच्या कार्डांचा वेग बराच जास्त असतो, म्हणून हा निर्णय मी जवळजवळ पक्का धरला आहे. ८ जीबीचे कार्ड मात्र आज नवे घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आता एसएमपीएसविषयी. दोन दुकानांत विचारले असता एका ठिकाणी सांगितले की, “४५० वॉटचा आहे ना, मग चालेल, ग्राफिक्स कार्डाला आठ पिनांची वायर नसेल तर मोलेक्सवरून कन्व्हर्टर लावून देतो.” (मोलेक्स म्हणजे जुन्या डिस्कांना वीज देणारी चार पिनांची जोडणी.) घरी येऊन कॅबिनेटची बाजूची पाटी काढली आणि एसएमपीएसवरचे लेबल टॉर्च धरून वाचले. वर ठळक अक्षरांत ४५० लिहिलेले आहे, पण खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर एवढेच आहे. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघेही मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. आरटीएक्स ५०६० टीआय १८० वॉटपर्यंत ओढते आणि राइझन ५ ७६०० कागदोपत्री ६५ वॉटचा असला तरी पूर्ण भारावर ८८ वॉटपर्यंत जातो. या दोघांचीच बेरीज २६८ होते. बोर्ड, पंखे आणि डिस्क अजून धरलेल्याच नाहीत. त्यामुळे हा एसएमपीएस नव्या संगणकात जाणार नाही, हे मी मनाशी नक्की केले आहे. ६५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) किंवा त्याहून वरचा घ्यावा असा विचार आहे. तो पुरेसा आहे ना, एवढे कृपया सांगावे.

कॅबिनेटमध्ये मागच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत टेप लावून पाहिली, तर २७ सेंटिमीटर भरले. म्हणजे दोन पंख्यांची बरीच कार्डे बसतील, तीन पंख्यांची बहुतेक बसणार नाहीत. बाजूच्या पाटीपर्यंत १५ सेंटिमीटर उंची मिळते, त्यात राइझनसोबत येणारा ठेंगणा कूलर सहज मावतो, पण १५५ मिलिमीटरचा टॉवर कूलर मावत नाही. मला खरी काळजी हवेची आहे. पुढची बाजू पूर्ण बंद आहे आणि मागे एकच छोटा पंखा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातही पारा चाळिशीला टेकतो, आणि आमचे घर सिंहगड रस्त्यावर वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या तोंडाचे आहे. अशा खोलीत या कॅबिनेटमध्ये नवे कार्ड कोंडणे मला पटत नाही.

शेवटचा मुद्दा विजेचा. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते ती सांगून जाते, पण पावसाळ्यात न सांगता जाते आणि क्षणात परतही येते. घरचा यूपीएस ६०० व्हीए, ३६० वॉटचा आहे. नवा संगणक पूर्ण भारावर असताना मॉनिटर धरून हा आकडा गाठला जाईल असे वाटते. यूपीएस मोठा घ्यावा लागला तर तोही याच एका लाखात बसवायचा आहे.

तेव्हा मुख्य प्रश्न असा की केवळ १६ जीबी जुनी रॅम वाचावी म्हणून डीडीआर४ची वाट धरणे शहाणपणाचे आहे का? आणि एएम५ घ्यायचे ठरले, तर सगळे एकदम न घेता टप्प्याटप्प्याने घेता येईल का?

प्रतिसाद १

ताई, तुम्ही लेबल वाचून हिशेब केलात हे फार चांगले केलेत. निम्मी अडचण तिथेच सुटली आहे. मोलेक्सवरचा कन्व्हर्टर अजिबात लावू देऊ नका. त्या वायरी एवढा प्रवाह सतत वाहून नेण्यासाठी नसतात आणि जोड तापून वितळण्याचा धोका असतो.

रॅमबद्दल माझे मत असे की २४०० वेगाच्या पट्ट्यांसाठी सबंध संगणकाचा पाया ठरवू नये. राइझन ५०००च्या पिढीचा वेग रॅमच्या वेगावर बराच अवलंबून असतो आणि तिथे ३२०० ते ३६०० ची रॅम अपेक्षित असते. २४०० वर तो चालेल, पण गेममध्ये दम कमी पडेल. मग वर्षभरात तुम्ही वेगवान डीडीआर४ घ्याल आणि वाचवलेले पैसे तिथेच जातील. इंटेलच्या वाटेवरही थोड्याफार फरकाने हेच होईल.

टप्प्याटप्प्याने घ्यायला काहीच हरकत नाही आणि तुमच्या बाबतीत तेच सोयीचे आहे. आधी एसएमपीएस, हवेशीर कॅबिनेट आणि ग्राफिक्स कार्ड घ्या आणि आत जुनाच बोर्ड बसवा. एसएमपीएस ६५० वॉटचाच घ्या. या कार्डासाठी एनव्हिडिया ६०० वॉटची शिफारस करते. हे कार्ड पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडमार्गाच्या) आठच लेन वापरते आणि तुमचा जुना बोर्ड ३.० पिढीचा आहे, त्यामुळे थोडा वेग जाईल. परंतु १६ जीबी मेमरी असल्याने तो फटका ८ जीबीच्या कार्डाइतका बसत नाही. ब्लेंडरच्या रेंडरिंगमध्ये तर फरक जेमतेम जाणवेल. पुढे भाव उतरले की बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ घ्या. तेव्हा ६००० वेगाच्या, एक्स्पो (रॅमचा जाहीर वेग एका सेटिंगने चालू करण्याची सोय) असलेल्या दोनच पट्ट्या घ्या आणि त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. चार पट्ट्या लावल्या की एएम५वर वेग खाली आणावा लागतो. बोर्ड बदलल्यावर विंडोज पुन्हा सक्रिय करावे लागू शकते, तेवढे ध्यानात असू द्या.

यूपीएस १००० व्हीएचा, जमल्यास शुद्ध साइन वेव्हचा पाहा. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज घेण्याची पद्धत सुधारणारे सर्किट) असते आणि पायरीसारखी लहर देणाऱ्या स्वस्त यूपीएसवर असा संगणक वीज जाताक्षणी बंद पडू शकतो.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. टप्प्यांची कल्पना लेकीलाही पटली आहे, कारण तिचे ब्लेंडरचे काम लगेच सुरू होईल. जुन्या रॅमचा मोह सोडते. ती जुन्या बोर्डासोबतच राहील.

आता एकच शंका उरते. दुकानातून आलेल्या कोटेशनवर “एसएमपीएस ६५० वॉट” आणि “१६ जीबी कार्ड” एवढेच लिहिलेले आहे, कंपनी आणि मॉडेल काहीच नाही. मी त्यांच्याकडे प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल, कार्डाची मिलिमीटरमधली लांबी आणि वॉरंटी बिलावर लिहून मागितली आहे. पुण्यात अलीकडे ज्यांनी दोन पंख्यांचे आरटीएक्स ५०६० टीआय घेतले आहे, त्यांनी कोणते मॉडेल घेतले आणि उन्हाळ्यात बंद खोलीत त्याचे तापमान कुठवर जाते, हे कळवल्यास त्या यादीतले एक नाव पक्के करता येईल.