व्हेंटिलेटर काढण्याचा निर्णय ठरावीक पायऱ्यांनी घ्यावा का?

पारिजात

बरे होण्याची आशा उरलेली नाही अशा रुग्णाचे उपचार थांबवायचे की चालू ठेवायचे, हे आपल्याकडे बहुतेक वेळा अतिदक्षता विभागाच्या दारात, घाईघाईने आणि बिलाकडे पाहत ठरते. हा निर्णय लेखी आणि ठरावीक क्रमानेच व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी निष्क्रिय इच्छामरण (म्हणजे जगवणारे उपचार थांबवून नैसर्गिक मरण येऊ देणे) आणि वैद्यकीय इच्छापत्र (अशा वेळी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणे) या दोहोंना मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची किचकट कार्यपद्धती सोपी केली. आता इच्छापत्र नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ आधी मत देते, दुसरे मंडळ ते तपासते, आणि प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे अशी अपेक्षा आहे.

परंतु मंडळापुढे जाण्याआधी घरच्यांनी आणि डॉक्टरांनी चार प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने लिहून काढावीत: उपचारांनी आता नेमके काय साधणार आहे, रुग्णाची इच्छा काय होती, पुढचे जगणे त्याच्या स्वतःच्या दृष्टीने कसे असेल, आणि शेवटी पैसा, नातेवाईक व कायदा. क्रम महत्त्वाचा आहे. मोठ्या मुलाला ‘तुम्ही काय ठरवलेत?’ असे विचारले की वडिलांच्या मरणाचे ओझे त्याच्या एकट्याच्या खांद्यावर येते आणि तो ‘सगळे करा, डॉक्टर’ म्हणून मोकळा होतो. त्यालाच ‘अशा अवस्थेबद्दल बाबा पूर्वी कधी काही बोलले होते का?’ असे विचारले, तर तो आठवू लागतो, बहिणीला फोन करतो, आणि बोलण्याचा विषय पुन्हा बाबा होतात.

कातळशिल्प

आपली तळमळ पोहोचली, पण मला हे पटत नाही. परिचारिका अरुणा शानबाग यांचे प्रकरण पाहा. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ पर्यंत त्या तिथेच, स्वतःची इच्छा सांगू न शकणाऱ्या अवस्थेत, अंथरुणाला खिळून राहिल्या. त्यांना बळजबरीने भरवणे थांबवावे अशी याचिका लेखिका-पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली, आणि रुग्णालयातील परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या. न्यायालयाने तीन डॉक्टरांकडून तपासणी करवून घेतली. म्हणजे प्रक्रिया होती, अहवालही होता. तरी याचिका फेटाळणारा ७ मार्च २०११ चा निकाल ज्या प्रश्नावर फिरला तो अहवालाबाहेरचा होता: अरुणाताईंच्या वतीने बोलण्याइतके जवळचे कोण? जिने वर्षानुवर्षे त्यांना न्हाऊ-माखू घातले तिचा अधिकार कोणत्या रकान्यात लिहिणार?

शिवाय सहा-सात सह्या झाल्या की निर्णय कुणाचाच राहत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या सहीकडे बोट दाखवतो.

उंबर

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, त्यामुळे तत्त्वांपेक्षा जे पाहते ते सांगते. तालुक्याच्या ठिकाणी दोन स्वतंत्र मंडळांना पुरतील इतके तज्ज्ञ मिळवायचे कुठून? म्हणून नातेवाईक ‘स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत’ असे लिहून देतात. रुग्णवाहिकेत कुणीतरी गावापर्यंत हाताने अंबू बॅग (श्वास देण्याची पिशवी) दाबत जातो. घराच्या ओसरीवर रुग्णाला उतरवल्यावर घशातली नळी कोणी काढायची, हे कुणी ठरवलेले नसते. धाप लागली तर द्यायला मॉर्फिन नसते, आणि ही सगळी तडफड घरातली लहान मुलेही पाहतात. कार्यपद्धती जितकी लांबेल तितके लोक ही पळवाट धरतील. आधी वेदनाशामक सेवा गावापर्यंत न्या, मंडळांचे नंतर पाहू.

वाटसरू

धडधाकट माणसाने पन्नाशीत लिहिलेली इच्छा ऐंशीव्या वर्षीच्या त्याच माणसावर बांधील कशी? आजारपणात माणसे जगण्याला अधिक चिकटतात, हे मी घरातच पाहिले आहे.

पारिजात

वाटसरू, म्हणूनच इच्छापत्र केव्हाही बदलता किंवा रद्द करता येते, आणि रुग्ण स्वतः बोलू शकत असेल तोवर त्याचाच शब्द चालतो.

कातळशिल्प, त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले होते की केईएमच्या कर्मचाऱ्यांचे मत पुढे बदलले तर त्यांना मुंबई उच्च न्यायालयाकडे अर्ज करता येईल. ‘जवळचे कोण’ हा प्रश्न उघडपणे विचारला गेला, दोन्ही बाजू नोंदल्या गेल्या, म्हणूनच परिचारिकांच्या सेवेला कायद्यात वजन मिळाले. सह्यांबद्दल म्हणाल, तर उंबर यांनी सांगितलेला कागद पाहा. त्यावर सही असते ती फक्त नातेवाइकाची. ज्या डॉक्टरांनी ‘आता काही उपयोग नाही’ असे सांगितले, त्यांचे ते मत कारणांसह तिथे कुठेच नसते. मला सह्या हव्यात त्या यासाठी.

उंबर, अडचण खरी आहे. पण दुय्यम मंडळासाठी जिल्ह्यातील डॉक्टरांची यादी गरज पडण्याआधीच तयार ठेवता येईल, आणि मंडळाच्या कागदावर वेदनाशमनाची योजना लिहिल्याशिवाय नळी काढू नये, असा नियम रुग्णालय स्वतःच करू शकेल.

कातळशिल्प

सहीविषयीचे म्हणणे मान्य. परंतु आपल्या क्रमाला माझी हरकत कायम आहे. आपण पैसा चौथ्या प्रश्नात ठेवलात, आणि जमीन गहाण टाकून आलेल्या घरात तोच पहिला प्रश्न असतो. तो शेवटी ठेवला की वरच्या तिन्ही उत्तरांत गुपचूप शिरतो. ‘उपचारांचा उपयोग नाही’ असे कागदावर येते आणि खरे कारण असते, ‘आम्हाला परवडत नाही’. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा: पैशांची अडचण नसती, तर आपण काय केले असते? उत्तर वेगळे येत असेल तर ते तसेच नोंदवा, आणि मंडळ बसण्याआधी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना बोलावून कोणत्या सरकारी योजनेतून किंवा धर्मादाय खाटेवर उपचार चालू राहू शकतात हे तपासा.