पन्नासपर्यंत घडाघडा म्हणते, पण पाच लिंबं आण म्हटलं तर ओचाभर आणते

सातारची आई:
नमस्कार. लेक सव्वाचार वर्षांची आहे. एक ते पन्नास न अडखळता म्हणते. परवा सरबत करायचं होतं म्हणून तिला म्हटलं, "टोपलीतली पाच लिंबं आण बरं." ती फ्रॉकच्या ओच्यात मावतील तेवढी घेऊन आली. मोजायला लावलं तर एकाच लिंबावर बोट ठेवून "तीन, चार" दोन्ही म्हणाली आणि नऊवर थांबली. लिंबं होती सात. बालवर्गातून मात्र निरोप आलाय, दिवाळीपर्यंत शंभर पाठ हवेत. मी सहाशे रुपयांचे प्लॅस्टिकचे अंक आणि मणी मागवले, मण्यांचा दोन दिवसांत हार झाला. घरच्या घरी तिच्या हातात काय देऊ? आणि या शंभरचं काय करू?

नाशिकचा बाबा:
आमच्याकडे रात्री पानं घ्यायचं काम पाच वर्षांच्या मुलाचं. घरात आम्ही सहा जण. सुरुवातीला तो एकेक वाटी आणायचा, सहा फेऱ्या. कमी पडली की आजोबा विचारायचे, "माझी वाटी कुठाय?" दोनेक महिन्यांनी एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्याने सगळ्यांकडे बघत बोटं मोजली आणि सहा वाट्या एकदम आणल्या. आम्ही काही शिकवलं नव्हतं.

बालवाडीताई:
तुला 'तू' म्हणते, माझ्या लेकीच्या वयाची असशील. मी बत्तीस वर्षं कोकणात बालवाडी घेतली. तुझ्या मुलीचं काहीही चुकत नाहीये. अंक म्हणणं हे जिभेचं काम, बडबडगीतासारखं. मोजताना बोट, डोळा आणि तोंड एका चालीने चालावं लागतं. शिवाय शेवटचा शब्द म्हणजे 'सगळी मिळून इतकी' हे वेगळं उमगावं लागतं. म्हणून "मोज" म्हणण्यापेक्षा "पाच दे" म्हणावं, खरं काय ते तिथे कळतं. तू लिंबं मागितलीस ते अगदी योग्य केलंस. वरच्या दादांची पानं तर फारच छान.

आता हातात काय द्यायचं. मोजलेली वस्तू जागची हलली पाहिजे, नुसतं बोट लावून भागत नाही. अंड्यांचा तीस खळग्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घे, त्यातल्या पाच-पाचच्या दोन ओळी कापून काढ. एक शब्द, एक लिंबू, एक खळगा. खळगा रिकामा राहिला की तिचं तिलाच दिसतं, तुला "चुकलं" म्हणावं लागत नाही.

मग चिंचोके. पाच चिंचोके धुऊन वाळव आणि खडबडीत दगडावर त्यांची एकेक बाजू पांढरी होईपर्यंत घास. हे पाच जमिनीवर फेकायचे. पांढरे किती, काळे किती? कधी दोन-तीन, कधी चार-एक, कधी सगळेच काळे. माझ्याकडे एक मुलगा होता, वर्गात फारसा बोलायचा नाही. एकदा चार पांढरे पडले आणि पाचवा घरंगळत माझ्या पदराखाली गेला. त्याने चारांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, एक तुमच्याकडं हाय." बेरीज-वजाबाकीची खूण न शिकवता त्याला ते कळलं होतं. तो क्षण आठवला की अजून भरून येतं.

एक मात्र सांगते. आमच्या एका मुलीने चिंचोका नाकात घातला होता, दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून मुलं चिंचोके खेळताना मी जागची उठत नसे. घरात धाकटं भावंड असेल तर कांदे-बटाटेच घे.

तिसरं, काड्यांची पेटी. माँटेसरी पद्धतीत शून्य ते नऊ अशा घरांची पेटी आणि बरोबर ४५ काड्या असतात. एकपासून नऊपर्यंतची बेरीज ४५, म्हणून एक जरी घर चुकलं तरी शेवटी काडी उरते नाहीतर कमी पडते. विकतची नको. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याची दहा घरं कर आणि खराट्याच्या हिरांचे वीतभर तुकडे कर, टोकं घासून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांनीही महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, पानं, माती असंच जवळपासचं वापरलं. गरीब मुलांची सोय म्हणून मी हे सांगत नाही. हिराला हाताला लागणारा खरखरीतपणा असतो, तो मुलांना आवडतो.

शंभरचं म्हणशील तर बाईंना भेट आणि स्पष्ट सांग, आमचं आधी दहापर्यंत पक्कं होऊ दे. आपल्या मराठीत हे जास्तच अवघड आहे. 'एकोणतीस' म्हणताना कानावर तीस पडतं, आणि हातात असतात वीस आणि नऊ. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण अडचण खरी होती. दहा पक्के झाले की दहा हिरांची मोळी बांध. मोळी आणि एक म्हणजे अकरा. डोळ्यांना दिसू दे, शब्द मागून येईल.

सातारची आई:
ताई, पेटी केली! हीर मिळाले नाहीत, आईस्क्रीमच्या काड्या घेतल्या. काल तिने काड्या हातात मोजून घेत सगळी घरं भरली आणि नऊच्या घराला आठच उरल्या. सोफ्याखाली शोधून आली. "आई, एक हरवली." मग एकेक घर पुन्हा काढून मोजत बसली, अर्धा तास, मी गप्प. हरवलेली काडी शून्याच्या घरात निघाली! म्हणाली, "त्याला काहीच नव्हतं ना, म्हणून दिली." आता शून्य कसं सांगू?

बालवाडीताई:
किती गुणी मुलगी आहे! सांगू नकोस, खेळव. "तीन उड्या मार." मारेल. "एक उडी मार." मारेल. मग म्हण, "शून्य उड्या मार." पहिल्यांदा एखादी मारेलच. मग तू मारून दाखव, म्हणजे नुसती उभी राहा, हात बांधून, दहा सेकंद. नंतर टाळ्या, नंतर पापे. शून्य पापे दिलेस की ती भांडायला येईल, तेव्हा पेटी पुन्हा काढ.