मदत हवी आहे: ओबोशिवाय होल्स्टचं ‘इंटरमेझो’ कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी. बेळगाव-खानापूरकडचे वादक घेऊन इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांचा बँडसाठीचा ई-फ्लॅटमधला पहिला सूट (तीन भागांची रचना, 1909) बसवतोय. पहिल्या भागाची, ‘शाकोन’ची, आठ बारची (तालखंडांची) धून युफोनियम-ट्यूबा ही खर्जातली पितळी वाद्यं नीट धरतात. अडतंय दुसऱ्या भागात, ‘इंटरमेझो’त. ओबो (सनईसारखं फुंकवाद्य) वाजवणारा नाही, म्हणून त्याची ओळ बी-फ्लॅट क्लॅरिनेटला एक पूर्ण स्वर वर लिहून दिली (ते लिहिल्यापेक्षा तेवढंच खाली वाजतं). पण सोबतच्या ट्रंपेटला म्यूट (आवाज दाबणारं बूच) लावला की सूर चढतो. ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) बाहेर ओढावी, तर म्यूट काढल्यावर उतरतो. ओबोची ओळ सोप्रानो सॅक्सोफोनला द्यावी का? हा भाग गाळणार नाही, कारण तिन्ही भाग एकाच धुनेवर उभे आहेत आणि सलग वाजवा असं खुद्द होल्स्टनेच लिहिलंय. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमधले कुणी निवृत्त वादक असतील तर कृपया सांगा.