लॉक केलेल्या खात्यावरच्या फोटोपायी नोकरी जावी का?

कपाशीवाला:
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत माझा चुलतभाऊ लिपिक आहे. नागपूरच्या प्राइड मोर्चातला (समलिंगी लोकांच्या हक्कांचा मोर्चा), मित्राचा हात धरलेला फोटो त्यानं इन्स्टाग्रामवर टाकला. खातं लॉक, आत चाळीसेक ओळखीचे. त्यातल्याच कुणीतरी स्क्रीनशॉट काढून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोडला. संध्याकाळी पानठेल्यावर तोच विषय. चौथ्या दिवशी संस्थेची नोटीस: शाळेची बदनामी केली, सेवेतून कमी का करू नये?

त्याची आई, म्हणजे माझी मोठी आई, कापूस वेचायला गेली होती. वेचणीतल्या एका पोरीनं तिच्यापुढं मोबाइल धरला. कमरेची ओटी अर्धीच भरलेली, तशीच ती धुऱ्यावर बसून राहिली. पोरगा हे तिला दिवाळीत निवांत सांगणार होता. स्क्रीनशॉट काढणारा मोकळा, नोटीस याला. हे मला बिलकुल मान्य नाही.

गुरुजी, दारव्हा:
भाऊ, पोरावर राग नाही. पण स्वतःच टाकलेला फोटो खाजगी कसा? इंटरनेटवर टाकलं म्हणजे चावडीवर लावलं. खेड्यात मायबाप शाळेतल्या माणसांकडं बघून पोरी धाडतात. पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त. संस्थेनं ते बघू नये? घटनेच्या कलम १९(२) मध्ये बोलण्या-मांडण्याच्या स्वातंत्र्यावर बंधन घालायच्या कारणांत सभ्यता आणि नीतिमत्ताही आहे.

पुसदची वकील:
गुरुजी, १९(२) खाली बंधन घालायला कायदा लागतो, संस्थाचालकांची नाराजी पुरत नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचं खाजगीपण संपत नाही, हे न्या. चंद्रचूड यांच्या निकालपत्रात आहे. समलिंगी संबंध गुन्हा धरणाऱ्या कलम ३७७ वरच्या २०१८ च्या निकालानं नैतिकता संविधानाची धरली, गावाच्या बहुमताची नाही.

जवळचं उदाहरण बुलंदशहरच्या होमगार्डचं. जोडीदारासोबतचा व्हिडिओ पसरला, २०१९ मध्ये नोकरी गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. तो सरकारी हुकूम होता, हा फरक आहेच. पण खाजगी शाळांसाठी १९७७ चा कायदा आहे. कायम कर्मचाऱ्याला चौकशीशिवाय काढता येत नाही; काढलंच तर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील.

वऱ्हाडी:
कोर्टात जिंकून गावात राहाता येते काय ताई? नागपूरचे सिरस सर अलीगढ विद्यापीठात मराठी शिकवत. २०१० च्या फेब्रुवारीत घरात घुसून एका पुरुषासोबत त्यायचं चित्रण केलं, वरून त्यायलेच निलंबित केलं. १ एप्रिलले हायकोर्टानं निलंबन थांबवलं अन् आठवड्याच्या आत माणूस गेला. म्हून म्हनतो, पोराले तो फोटो खात्यावरून काढून टाकाले सांगा, माफीनामा द्या, पगार सांभाळा.

कपाशीवाला:
भाऊ, सिरस सरांनी तर काहीच टाकलं नव्हतं. दार लावून आपल्या घरात होते. गप्प राहून ते तरी कुठं वाचले? माफीनामा लिहिला तर उद्या पानठेल्यावरचा कुणीही कुणाच्याही पोराचा मोबाइल चाळेल.

गुरुजी, दारव्हा:
आईला असं कळायला नको होतं. स्क्रीनशॉट पसरवणाऱ्याला गावानं जाब विचारावा, त्यात मी तुमच्यासोबत. शाळेच्या माणसानं फोटो टाकू नये, हे माझं मत मात्र कायम.

कपाशीवाला:
मत ठेवा गुरुजी, पण नोटिशीत नियमाचा क्रमांकच नाही. खुलाशाची मुदत शनिवारपर्यंत आहे. पहिल्या ओळीत तोच क्रमांक मागतोय. ताई, मसुदा रात्री पाठवतो.